वुड यू लाइक टू वगैरे वगैरे

इंग्रजीत कोणाला नुसतं "चल" म्हणायचं तरी किती तऱ्हा. वुड यू लाइक टू, डू यू वॉन्ट टू, हाउ अबाउट, शॅल वी, लेट्स, व्हाय डोन्ट वी, आणि समोर ब्रिटिश माणूस असेल तर फॅन्सी अ वॉक? पुस्तकात हे सगळं एका चौकटीत कोंबतात, वर लिहितात "आमंत्रण देणे" आणि पुढच्या धड्याकडे वळतात. पण मला आताशा वाटायला लागलंय की यातली निम्मी वाक्यं बोलावण्यासाठी कमी आणि समोरच्याला नाही म्हणता यावं म्हणूनच जास्त बनलीयेत.

आता आय वॉज वंडरिंग इफ यूड लाइक टू जॉइन अस हे घ्या. बोलावणं आत्ताचं, जायचंय येत्या शनिवारी आणि वाक्य भूतकाळात! म्हणजे माझ्या मनात आपलं येऊन गेलं होतं बरं का, जमत नसेल तर सोड, मी कुठे काय विचारलं. त्यात भर म्हणून इफ, त्यात आणखी वुड. ओळख जितकी कमी आणि मागणं जितकं मोठं तितकं वाक्य लांबत जातं. पेनलपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या दोघांनी सभ्य बोलण्यावर जी थिअरी मांडली त्यात हेच आहे, की प्रत्येकाला आपण इतरांना हवेसे वाटावं असं वाटतं आणि आपल्यावर कोणी काही लादू नये असंही वाटतं, मग बोलणाऱ्याला दोन्हीकडचं सांभाळावं लागतं. जवळच्या मित्राला यू कमिंग? एवढं पुरतं. त्याला वुड यू केअर टू जॉइन मी म्हणून बघा, तो आधी विचारेल, चिडलायस का माझ्यावर?

व्हाय डोन्ट यू कम विथ अस हा तर सापळाच आहे, नवीन शिकणारा बिचारा बिकॉज आय अ‍ॅम टायर्ड म्हणून मोकळा होतो आणि त्यात त्याचं काय चुकलं, का म्हणून विचारलं तर माणूस कारणच सांगणार ना. आणि आर यू अप फॉर इट म्हणा नाहीतर आर यू डाउन फॉर इट, विचारायचं एकच, तयार आहेस का. वर पण तेच, खाली पण तेच, धन्य!

सगळ्यात धूर्त मात्र व्हॉट आर यू डूइंग ऑन सॅटर्डे. हे आमंत्रणाच्या आधीचं चाचपणं, संभाषणाचा अभ्यास करणारे याला वेगळा प्रकारच मानतात. विचारणाऱ्याची सोय अशी की तुम्ही बिझी म्हणालात तर त्याने अजून काही विचारलेलंच नसतं, त्यामुळे कोणाचाच पोपट होत नाही. पण तुम्ही नथिंग मच म्हणालात की अडकलात, कारण पुढे काय येणार माहीत नाही आणि रिकामे आहोत हे तर कबूल करून बसलोय. अशा वेळी व्हाय, व्हॉट्स अप? एवढंच म्हणावं, बॉल परत त्याच्याकडे.

मग उरतं वी शुड कॅच अप समटाइम. एलन आयझॅक्स आणि हर्बर्ट क्लार्क यांनी 1990 मध्ये असल्या दिखाऊ आमंत्रणांवर एक पेपरच लिहिलाय. यात कोणी कोणाला फसवत नाही, हे खरं नाही हे दोघांनाही माहीत असतं आणि तरी दोघांना बरं वाटतं. ओळखायच्या खुणा म्हणजे दिवस नाही, वेळ नाही, जागा नाही, आणि तुम्ही जरा कां-कू केलीत की आग्रह तिथेच संपतो. किंवा तुम्हीच आधी अरे वा मस्त प्लॅन आहे म्हणालात म्हणून त्याला यू शुड कम म्हणावं लागलं.

नकाराचंही तसंच. कोणी फट्कन नो म्हणत नाही, आधी जरा थांबणं, मग वेल, मग आयड लव्ह टू, आणि त्यामागून तो बट, जो लव्ह ऐकल्यापासूनच येणार हे कळलेलं असतं. नाहीतर कॅन आय टेक अ रेन चेक? म्हणजे आत्ता नाही, पुढे कधीतरी. हे अमेरिकेतल्या बेसबॉलमधून आलं, पावसाने मॅच बुडाली की प्रेक्षकांना पुढच्या मॅचला वापरता येईल असं तिकीट मिळायचं. आता पाऊस नसला तरी चालतं. तरी रेन चेक मागणाऱ्याने स्वतःहून दुसरा वार सुचवला तर तो बहुतेक येतो, नुसतंच समटाइम म्हणाला तर परत विचारायच्या भानगडीत मी तरी पडत नाही.