शिळ्या बटाट्याची जर्मन न्याहारी, कोकणातल्या तव्यावर

जर्मनीत घरोघरी होणारं बाउअर्नफ्र्यूश्टुक, म्हणजे शेतकऱ्याची न्याहारी, रत्नागिरी-मालवणकडच्या स्वयंपाकघरात अगदी सहज जमतं. बटाटा, कांदा, अंडी, बस्स. सगळी मेख बटाट्यात आहे: तो आदल्या रात्रीच उकडलेला हवा.

ताज्या उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या तव्यावर मोडतात आणि त्याची भाजी होते. रात्रभर गार झाला की आतला स्टार्च घट्ट बसतो, चकती अखंड राहते. इकडे जर्मनीत पिशवीवरच छापलेलं असतं, बटाटा शिजल्यावर घट्ट राहणारा की पिठूळ. आपल्याकडे घाटावरून येणाऱ्या बटाट्यात ते हातानेच ओळखायचं: पातळ सालीचा, टणक, मध्यम आकाराचा घ्या. कोल्ड स्टोरेजमधला बटाटा गोडसर झालेला असतो. थंडीत स्टार्चची साखर होते, म्हणून तो तव्यावर पटकन काळा पडतो. तसा मिळाला तर आच कमी ठेवा.

दोघांसाठी अर्धा किलो बटाटे सालासकट, मिठाच्या गार पाण्यात घालून २०-२५ मिनिटं उकडा. कुकर नको, साली फुटून बटाटा पाणी पितो. निथळून गार करा आणि न झाकता फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी सोलून अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या करा.

घावन्यांचा मुरलेला बिडाचा तवा उत्तम, फक्त थोडा खोलगट आणि ऐसपैस हवा. दोन मोठे चमचे तेल चांगलं तापलं की चकत्या एका थरात मांडा आणि मध्यम आचेवर ४-५ मिनिटं उलथणं लावूच नका. घाई केली की खरपूस थर तव्यालाच चिकटून राहतो. झाकणही नको, वाफ धरली की बटाटा मऊ पडतो. कडा तपकिरी दिसल्या की उलटा. दुसरी बाजू रंगायला लागल्यावरच एक चिरलेला कांदा घाला, आधी घातलात तर बटाटा होईपर्यंत तो करपतो. मीठ त्यानंतर.

इकडे यात धुरावलेलं डुकराचं मांस, श्पेक, घालतात. त्याच्या सुटलेल्या चरबीतच बटाटा परततात. ते मिळालं नाही तर मूठभर सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी) घ्या. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर बारीक कोळंबी आणि अंडी ही जोडी नेहमीचीच आहे, त्यामुळे चव परकी होत नाही. सोडे १५ मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, रेती जाईपर्यंत धुवा, घट्ट पिळून वेगळे परता आणि कांद्याबरोबर मिसळा. ओले राहिले तर बटाट्याचा कुरकुरीतपणा गेलाच. त्यांच्यात मीठ असतं, तेव्हा वरचं मीठ निम्मं करा.

चार अंडी (गावठी लहान असतात, पाच घ्या), चार चमचे दूध, मिरपूड आणि चिमटीभर किसलेलं जायफळ काट्याने फक्त एकत्र करा, फेस काढू नका. आच मंद करून सगळीकडे ओता आणि आता झाकण ठेवा, ३-४ मिनिटं. मोठ्या आचेवर अंडं आक्रसतं, पाणी सोडतं आणि रबरासारखं होतं. वरचा भाग नुकता धरला की अर्ध्यात दुमडून ताटलीत सरकवा.

सोबत आंबट हवंच, नाहीतर घास जड होतो. इकडे व्हिनेगरमधल्या छोट्या काकड्या देतात. कैरीचं तेलकट लोणचं घेऊ नका, मसाला सगळं झाकून टाकतो. काकडीच्या पातळ चकत्या व्हिनेगर, मीठ आणि चिमूटभर साखरेत अर्धा तास ठेवा, आणि बरोबर बेकरीतला ताजा पाव.