फुकट आणि मुक्त

चादरीच्या डिझाईनचा फोटो दिला की जॅकार्डसाठी (मागावर नक्षी उठवणारं यंत्र) ग्राफ काढून देणारं एक छोटं टूल मी काकांच्या मागासाठी लिहिलं होतं, ते आता डेबियनमध्ये (मुक्त सॉफ्टवेअरची, बहुतेक लिनक्सवर चालणारी एक ऑपरेटिंग सिस्टीम) घालायचं म्हणून तीन आठवडे डोकं खपवतोय. वाटलेलं एका रविवारात होईल. कसलं काय!

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला कॉपीराइटच्या फाईलनं. कुठली फाईल कुणाची, लायसन्स कुठलं, सगळं लिहावं लागतं. माझा कोड जीपीएल ३ या मुक्त लायसन्सखाली, पण आत एक मिनिफाय केलेली जावास्क्रिप्ट पडलेली, लिंटियन, म्हणजे पॅकेजमधल्या चुका शोधणारं टूल, चालवलं तर लगेच ओरडलं, मूळ सोर्स कुठंय? बरोबरच आहे म्हणा, एका ओळीत दाबून भरलेला कोड कोण वाचणार. ती काढली आणि डेबियनमधलं तयार पॅकेज डिपेंडन्सी (टूल चालायला लागणारं दुसरं पॅकेज) म्हणून लावलं. एक फॉन्टपण होता, मित्रानं कुठनं तरी उतरवलेला, त्याला लायसन्स विचारलं तर म्हणतो, "फुकट हाय की बे, लायसन्स कशाला?" शेंगाचटणी-भाकरी खात अर्धा तास समजावलं, पटलं नाही, फॉन्टच उडवला.

मग बिल्ड, म्हणजे सोर्सपासून पॅकेज तयार करणं. माझी स्क्रिप्ट मध्येच नेटवरून एक फाईल ओढायची, ते तिथं चालत नाही. फाईल टारबॉलमध्येच (सगळ्या सोर्सचं एकत्र गाठोडं) घातली, दुपारी लाईट गेली, वायफाय बंद, लॅपटॉप बॅटरीवर, अंगाला घामाच्या धारा, तेव्हाच चालवून बघितलं अन् पास!

टारबॉलवर जीपीजीची, म्हणजे डिजिटल, सही झाली. आता स्पॉन्सर, म्हणजे माझ्या वतीनं अपलोड करणारा डेबियनचा डेव्हलपर, शोधायचाय, कारण अपलोड मला करता येत नाही, आणि नंतर न्यू क्यूमध्ये (नव्या पॅकेजांच्या तपासणीची रांग) वाट बघायची. काका रोज विचारतात, "झालं का रे ते तुझं?"