उचललेल्या ओळीच्या मागेपुढे काय होतं?

दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनाखाली जाहिरातलेखन आहे. मुलं ते आवडीनं लिहितात, यमक जुळवतात आणि वर एखादी संतवचनाची ओळ टाकली की जाहिरात उठून दिसते हेही त्यांना लवकर कळतं. आपण त्यांना जाहिरात लिहायला शिकवतो, वाचायला फारसं शिकवत नाही. नववीत दोन सलग तासिका मिळाल्या तरी हे काम नीट होतं. त्यासाठी लागणारं साहित्य सातारा-सांगलीत रस्त्यावरच लावलेलं असतं.

गोळा करायला दोन वेळा सर्वांत चांगल्या. पहिली आषाढी वारी. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते आणि तरडगाव, फलटण, बरड करत पुढे जाते. या वाटेवर स्वागताच्या फ्लेक्सवर वर अभंग आणि खाली जाहिरात अशी जोडी हमखास सापडते. दुसरी वेळ २७ फेब्रुवारीची, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाची. त्या दिवसाचं वर्तमानपत्र पुरवणीसकट जपून ठेवावं. सांगलीत ओळीपेक्षा बिरुद उचललं जातं. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी इथे 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं, म्हणून गाव नाट्यपंढरी. नाटकाशी संबंध नसलेल्या कोणत्या मालावर हे बिरुद चिकटवलंय, ते मुलांनाच शोधून आणू द्यावं.

फोटो काढताना एक पूर्ण फलकाचा आणि एक फक्त तळाच्या बारीक अक्षरांचा, असे दोन काढायचे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत बारीक मजकूर फुटतो, आणि नेमका तोच आपल्याला हवा असतो. झेरॉक्स काळी-पांढरी नको. भगवा रंग, जुन्या पोथीसारखी अक्षरं, कोपऱ्यातली वीणा किंवा दौत-टाक हासुद्धा उसन्या प्रतिष्ठेचाच भाग आहे, आणि काळ्या-पांढऱ्या प्रतीत तो जातो. दुकानाचं, बिल्डरचं नाव कागदाची पट्टी लावून झाकावं. तालुक्याच्या गावात जाहिरात देणाऱ्याचं पोरगं त्याच वर्गात बसलेलं असू शकतं, मग चर्चा जाहिरातीवर राहत नाही. एका तासाला तीन जाहिराती पुष्कळ झाल्या.

आता खरं काम. वर्गासाठी जुळवलेला हा एक नमुना घ्या. हिरव्या डोंगराचा फोटो, वर मोठ्या अक्षरात 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं', खाली 'कासच्या कुशीत एनए प्लॉट, ३ गुंठ्यांपासून, क्लबहाउस, २४ तास सिक्युरिटी, हायवेपासून १५ मिनिटं', आणि तळाला 'अटी लागू'.

चार-चार मुलांचे गट करून प्रत्येकाला ए-थ्री कागदाच्या मध्यभागी चिकटवलेली जाहिरात द्यायची. पहिली दहा मिनिटं फक्त दोन रंगांच्या पेन्सिली. पडताळून पाहता येईल त्या मजकुराखाली लाल रेघ, पडताळता येणार नाही त्याखाली निळी. 'एनए', म्हणजे बिगरशेती, लाल. '३ गुंठे' लाल, म्हणजे ३,२६७ चौरस फूट. '१५ मिनिटं' लाल खरी, पण कुठल्या वाहनानं आणि कुठल्या वेळी, हे विचारायचं. 'कुशीत' निळी. अभंगाची ओळ निळी. इथे बहुतेक गट एकदम 'फसवणूक आहे' म्हणतात. त्यांना थांबवावं. निळं म्हणजे खोटं नव्हे. ते तपासता येत नाही, एवढंच.

नंतर पुस्तकं बंद ठेवून अभंग आठवेल तेवढा लिहायला सांगा. चाल कानात बसलेली असल्यानं अभंग आपल्याला पाठ आहे असं मुलांना वाटतं, आणि पुष्कळांचा हात 'पक्षी ही सुस्वरें आळविती' इथेच थांबतो. जाहिरात याच ओळखीवर उभी असते. आता गाथा उघडायची. बऱ्याच प्रतींत शेवटी अभंगांची अकारविल्हे सूची असते. 'व' काढून पहिल्या शब्दावरून अभंग सापडवायचं काम मुलांनीच करावं. आपण फळ्यावर लिहून दिलं तर निम्मा धडा गेला. शाळेत गाथा नसेल तर तालुक्याचं ग्रंथालय आहे, आणि साताऱ्याच्या बाजूला २०१७ पासून पुस्तकांचं गाव असलेलं भिलार आहे.

पुढच्या ओळी मोठ्यानं वाचून घ्या. 'येणें सुखें रुचे एकांताचा वास'. मग 'आकाश मंडप पृथुवी आसन'. आणि त्याच्या पुढे 'कंथाकमंडलु देहउपचारा, जाणवितो वारा अवसरु'. अंगावर गोधडी, हातात पाण्याचं भांडं, वेळ सांगायला वारा. याहून जास्त काही नको म्हणणारा माणूस इथे बोलतो आहे. या तीन ओळी कागदावर जाहिरातीशेजारी लिहायच्या आणि बाण काढायचे: एकांतासमोर क्लबहाउस, आकाशाच्या मंडपासमोर ३ गुंठे, कंथा-कमंडलूसमोर सिक्युरिटी. पहिली ओळ घेतली आणि चौथ्याच ओळीत मालाची गरज नाकारणारं जे आहे ते सोडलं, हे मुलांना स्वतः दिसलं पाहिजे. या टप्प्यावर शिक्षकाच्या तोंडून 'हा संतांचा अपमान आहे' असं निघतं आणि वर्ग माना डोलावतो. वाचन तिथेच संपतं. मन दुखावण्याचा हक्क सगळ्यांना आहे, पण या तासाचं काम वेगळं आहे.

दुसऱ्या तासाला अदलाबदल. तीच ओळ इन्व्हर्टरच्या जाहिरातीवर ठेवा. मग रोपवाटिकेच्या जाहिरातीवर. मग ओळ काढून तिथे 'झाडं असलेला प्लॉट' असं साधं वाक्य लिहा आणि नेमकं काय गेलं ते एका वाक्यात सांगायला लावा. जुनेपणा, पवित्रपणा, आपण वाचणारी माणसं आहोत ही भावना, अशी उत्तरं आली की धडा रुळावर आहे. रोपवाटिकेला ही ओळ बऱ्यापैकी शोभते, आणि हे कबूल करणं मला फार महत्त्वाचं वाटतं. नाहीतर मुलं 'कविता दिसली की जाहिरात वाईट' असं सूत्र पाठ करून टाकतात.

पसायदानासाठी इतका वेळ लागत नाही. कर्जाच्या जाहिरातीवर 'जो जे वांछील तो ते लाहो' असेल तर त्याच ओवीचा आधीचा भाग 'दुरितांचे तिमिर जावो' आणि शेवटचा शब्द 'प्राणिजात' परत जोडायचा. हे मागणं सगळ्या जीवांसाठी आहे, तर कर्ज पात्रता पाहून मिळतं.

कायद्याचं थोडक्यात सांगावं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे तुकोबांची ओळ कोणीही छापू शकतो. पण १९७७ साली वारलेल्या गदिमांच्या कवितेचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. लाल रेघेखालच्या गोष्टींना मात्र नियम आहेत. महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात, नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक हवा आणि ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही हवा. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जागेत प्लॉट पाडून विकणंही त्यात येतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा. दावा मराठीत आणि अटी इंग्रजीत असतील तर तेवढंच वहीत टिपून ठेवायला सांगा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

गृहपाठ असा: अभंगाची किंवा कवितेची एक ओळ घेऊन जाहिरात लिहा, अट अशी की त्या ओळीच्या मागची आणि पुढची ओळ शेजारी छापली तरी जाहिरात मोडू नये. दहा गुणांपैकी चार गुण पूर्ण कविता शोधून उतरवण्याला, तीन ओळ मालाला का शोभते याच्या कारणाला, दोन पडताळता येणाऱ्या माहितीला आणि एक सजावटीला. सजावटीला जास्त गुण दिले की मुलं पुन्हा वीणा आणि दौत-टाक काढत बसतात.