कोंबडी खोटं बोलली का?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहा, असं समितीचं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या त्या इंग्रजीच्या बाई. नाव लिहीत नाही. नुसतं 'बाई' म्हटलं की आपल्या शाळेत दुसरं कुणी आठवत नाही. (बाकीच्या गुरुजनांनी क्षमा करावी. गणिताच्या सरांनी तर नक्कीच.)

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत भेटायचं आणि गाडी अडायची ती एकमेकांसारख्या दिसणाऱ्या क्रियापदांपाशी. बाईंचं औषध मराठीतलंच. "पडणं आणि पाडणं यात कधी घोळ होतो का रे तुमचा? आंबा पडतो, तुम्ही पाडता. तसा सूर्य राइज होतो, तुम्ही हात रेज करता." लेंड आणि बॉरो का चुकतं, तेही त्यांनीच सांगितलं. आपण उसनं देतो आणि उसनंच घेतो. इंग्रजीत देणाऱ्याचा शब्द वेगळा, घेणाऱ्याचा वेगळा.

पण लाय आणि ले! लाय म्हणजे आडवं होणं, त्याचा भूतकाळ ले. आणि ले म्हणजे ठेवणं किंवा अंडं घालणं, त्याचा भूतकाळ लेड. खोटं बोलण्याचं लाय आणखी निराळं, त्याचं लाइड. आठवीत हे सगळं एकाच दिवशी फळ्यावर आलं आणि वर्ग गार पडला.

त्याच तासाला मागच्या वस्तीतली एक तांबडी कोंबडी खिडकीतून आत आली. आठवी ब, पत्र्याची खोली, तिसऱ्या खिडकीला गज नव्हते, आठवत असेल. कोंबडी थेट खडूच्या कपाटात शिरली. मुलं उठू लागली, तर बाईंनी हातानेच खाली बसवलं. तास संपता संपता ती कलकलाट करत, जग जिंकल्यासारखी निघून गेली. एकाने कपाटात वाकून पाहिलं. अंडं नव्हतं. बाईंनी खडू उचलला : 'द हेन ले इन द कबर्ड. शी लेड नथिंग. शी लाइड.' वर्गाची हसून मुरकुंडी वळली. त्यानंतर ती तीन रूपं माझी कधी चुकली नाहीत.

पुढे मी बँकेत लागलो आणि निम्मी नोकरी कर्ज विभागातच गेली. आज मुख्य व्यवस्थापक आहे. नव्या पोरांना सांगतो, रिझर्व्ह बँक रेपो दर रेज करते, मग कर्जावरचं व्याज राइज होतं. पोरं मान डोलावतात आणि पत्रात उलटंच लिहितात.

परवा शाळेत जाऊन आलो. पत्र्याच्या खोल्या गेल्या, इमारत देखणी झाली. इंग्रजी तर २००० सालापासून पहिलीतच सुरू होतं. पण खिडक्यांना बारीक जाळ्या बसवल्यात. कोंबडीने यायचं कुठून?

हो, अंड्याचं राहिलंच. सोमवारी खडूचा नवा डबा काढताना ते अगदी मागे सापडलं. बाई गंभीर झाल्या आणि फळ्यावर लिहिलं : 'आय लाइड अबाउट द हेन.' मुलींच्या रांगेतून आवाज आला, "नाही बाई. माहीत असून सांगितलं तरच लाय. तुम्ही चुकलात फक्त." बाईंनी वाक्य पुसलं, 'आय वॉज मिस्टेकन' लिहिलं आणि सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

घरी जाऊन मी आईला सांगितलं, ते उत्तर मी दिलं.