चौथी पिन

२८ मे, रात्रीचे साडेअकरा

नवतपाचा, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांतला, आज चौथा दिवस. दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. खिडकीतल्या कूलरमध्ये सकाळपासून दोनदा पाणी भरलं, तरी खोलीत ३७ अंश. आणि घरातली सगळ्यात तापलेली वस्तू होती माझ्या टेबलाखाली, कॅबिनेटच्या आत. माझ्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर, सगळी आकडेमोड करणारी चिप. लांबी-रुंदी जेमतेम पावणेचार सेंटिमीटर.

लग्नसराई म्हणजे आम्हा एडिटिंगवाल्यांची सुगी. उद्या सकाळी एका लग्नाचा व्हिडिओ द्यायचा होता. एरवी चाळीस मिनिटांत निघणारं रेंडर (जोडलेल्या तुकड्यांची अखेरची फाइल बनवणं) दोन तास झाले तरी साठ टक्क्यांवर अडून बसलेलं. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडलं तर प्रोसेसरचे सहाही कोर, म्हणजे काम करणारे भाग, लाल, १०० अंश. माझ्या आय-फाइव्ह १०४०० प्रोसेसरची ती शेवटची हद्द. तिथे पोचला की तो जळत नाही, जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. चार गिगाहर्ट्झने पळणारा गडी दीडवर आला होता. काम बंद नाही, पण होतही नाही. सरकारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीनंतर असतं तसं.

पहिला दोष अर्थातच उन्हाला. नागपुरात मे महिन्यात काहीही बिघडलं की हे उत्तर तयारच असतं. त्यात थोडं तथ्यही आहे. खिडकीतला कूलर पाणी उडवून हवा थंड करतो. प्रोसेसरवरचा पंखा खोलीत जी हवा आहे तीच फेकतो. म्हणजे खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण दहा अंशांनी चढणार. हिशेब सोपा. पण फेब्रुवारीत, खोलीत २७ असताना, मला ८५ दिसलं होतं आणि मी ‘चालतंय की’ म्हणून एचडब्ल्यूइन्फो बंद करून टाकलं होतं. ८५ आणि १० म्हणजे ९५. हे १०० वर जाऊन आपटणं आणि दीडपर्यंत घसरणं उन्हाच्या खात्यात बसेना. तरी मी बसवत राहिले.

मग धूळ. ब्लोअर मारला, गच्चीएवढी धूळ निघाली, नाकातोंडात गेली. फरक शून्य. कॅबिनेटचं दार काढून समोर टेबलफॅन लावला. आकडा ढिम्म. शेवटी कूलरचं तोंडच कॅबिनेटकडे वळवायला निघाले तेव्हा बाबा ओरडले, “ते ओलं वारं त्याच्यावर सोडतं काय? शॉर्ट करून टाकशील!” खरंच होतं. कूलरच्या झोतात बारीक तुषार असतातच, चष्म्यावर येतात की.

बाबांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, असं ते स्वतःच सांगतात. आयुष्य मोटारी दुरुस्त करण्यात गेलं. अजूनही गल्लीतल्या निम्म्या कूलरांच्या मोटारी आमच्या व्हरांड्यात येतात. त्यांनी वाकून आत पाहिलं. मग विचारलं, “काऊन वं, हात लावून पाह्यलं काय?”

मी स्क्रीनवरचे आकडे दाखवले. ते म्हणाले, आकडे राहू दे, हात लाव.

पंख्याच्या कडेने बोट घालून हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या ठोकळ्याच्या, ॲल्युमिनियमला लावलं. कोमट. चहा विसरून गेल्यावर कप असतो तेवढा. खाली १०० अंश आणि त्याच्याच डोक्यावर बसलेला धातू कोमट!

“गरमी वर येऊनच नाही राह्यली,” बाबा म्हणाले. “आतच बसली ते. कुठं तरी टेकलं नसंन.”

तीन तास मी पंखा, हवा, धूळ, ऊन यांच्यामागे होते. म्हणजे उष्णता हीटसिंकपर्यंत पोचल्यावर पुढे जे होतं त्याच्यामागे. ती मुळात तिथवर पोचतेय का, हे विचारलंच नाही.

मेन स्विच बंद केला, वायर काढली, पॉवरचं बटण दाबून उरलीसुरली वीज घालवली. मग उजव्या बाजूचा पत्रा काढला. प्रोसेसर ज्यावर बसतो त्या मदरबोर्डच्या पाठीमागे प्रोसेसरच्या कूलरच्या (हीटसिंक आणि पंखा मिळून तोही कूलरच) चार पिनांची टोकं दिसतात: पांढरं प्लास्टिक फाकलेलं आणि मध्ये काळा खिळा. तीन तशा होत्या. चौथीचं पांढरं टोक भोकाच्या तोंडाशी आलेलं, काळा खिळा दिसतच नव्हता. कूलर तीन पायांवर उभा, एक कोपरा उचललेला. मोडक्या पाटासारखा.

हे कोणी केलं? मीच. फेब्रुवारीत नवीन कॅबिनेट घेतलं, सगळं त्यात हलवलं तेव्हा. चौथी पिन वायरांच्या गुंत्याखाली होती. टक् असा आवाज आला नव्हता, हे मला आत्ता लख्ख आठवतंय. तेव्हाही ऐकू न आल्याचं ऐकू आलं होतं. वर प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली जुनीच थर्मल पेस्ट तशीच ठेवलेली, २०२० पासूनची. ती आता भिंतीवरच्या चुन्यासारखी पापुद्र्यांनी निघाली.

उद्या सीताबर्डीच्या बाजारात जायची गरज पडली नाही, पेस्टची ट्यूब ड्रॉवरमध्येच होती, न उघडलेली. (याचं जास्त वाईट वाटलं.) आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा घेऊन दोन्ही बाजू आरशासारख्या पुसल्या. मटारच्या दाण्याएवढी पेस्ट मधोमध. जास्त घालायचा मोह होतो, पण पेस्ट काही मलम नाही. तांब्याच्या तुलनेत ती उष्णतेची गरीबच वाहक. तिचं काम एवढंच की दोन धातूंमधल्या न दिसणाऱ्या खाचांतली हवा हुसकायची, कारण हवा तांब्यापेक्षा सुमारे १५,००० पट वाईट. आणि माझ्याकडे तर खाच नव्हती, फट होती.

पिनांवर बाण असतो. बाणाच्या दिशेने फिरवली की पिन सुटते, म्हणून दाबण्याआधी चारही उलट फिरवून घेतल्या. मग समोरासमोरचे कोपरे, आधी एक जोडी, मग दुसरी. बोर्ड इतका वाकतो की छातीत धस्स होतं. टक्. टक्. टक्. चौथीला बाबांनी टॉर्च धरली आणि मी अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत दाबलं. टक्. पुन्हा मागून पाहिलं, चारही काळे खिळे जागेवर.

चालू केलं. नुसता बसला असताना ४५. रेंडर लावलं: ६८, ७२, ७६. तिथेच थांबला. खोलीत अजून ३६. हीटसिंकला बोट लावलं तर चटका बसला, आणि इतका आनंद झाला की बाबांनाही लावायला लावलं. “आता कशी वर आली,” म्हणून ते झोपायला गेले.

अडतीस मिनिटांत व्हिडिओ तयार. साडेदहाला लिंक पाठवली. अकराला नवरदेवाच्या बहिणीचा फोन: सगळं मस्त आहे ताई, फक्त वरातीतलं गाणं बदलायचंय.

पुन्हा लावलंय. ७६.