मावशींचा जुना एक्स-रे

सोलापूरच्या पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईची कंबर दुखणे इतके नित्याचे आहे की त्याबद्दल घरचेही फारसे विचारत नाहीत. त्या दुपारी आमच्याकडे आलेल्या एकसष्ट वर्षांच्या मावशींच्या पिशवीत चार महिन्यांपूर्वीचा कमरेचा एक्स-रे होता आणि त्याखाली 'वयोमानानुसार झीज' असा अभिप्राय माझ्याच सहीचा होता.

या वेळी सोबत रक्ताचे अहवालही होते: हिमोग्लोबिन उतरलेले, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन दोन्ही वाढलेले. मूत्रपिंडावर आधीच ताण असल्याने (आणि मधल्या काळात वेदनाशामक गोळ्याही भरपूर झाल्या होत्या) शिरेतून रंगद्रव्य न देता, कमी किरणमात्रेत संपूर्ण शरीराचा सीटी काढला. कवटी, बरगड्या, मणके, खुबा, सर्वत्र पंच करून पाडावीत तशी स्वच्छ कडांची छिद्रे होती. मल्टिपल मायलोमाच्या (हाडांच्या मज्जेतील पेशींच्या कर्करोगाच्या) 2014 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत, मज्जेतील तपासणी जुळत असेल तर, सीटीवर 5 मिलिमीटरचे एक छिद्रही पुरेसे धरले जाते. येथे मी मोजणे सोडून दिले.

मुलगा यंत्रमागावरून तसाच आला होता. "डॉक्टरसाहेब, हाडाचा टीबी आहे का?" त्याने विचारले. शंका वावगी नव्हती. पण टीबी बहुधा दोन मणक्यांमधली चकती खातो आणि येथे मणके पोखरलेले असूनही चकत्या शाबूत होत्या. एमआरआयमध्ये मज्जेतील गाठी दिसल्या, मज्जारज्जूवर मात्र दाब नव्हता. पुढे मज्जेच्या तपासणीने निदान पक्के केले.

रात्री जुना एक्स-रे पुन्हा दिव्यावर लावला. हाडातील 30 ते 50 टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेवर छिद्र उमटत नाही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. तरीही 'यावरून आजार नाही असे म्हणता येणार नाही' हे एक वाक्य त्या अहवालात लिहिले नव्हते.

उपचारांआधी झाला होता तसा उपचारांनंतरही पेट-सीटी झाला; या तपासणीत कर्करोगाच्या सक्रिय पेशी चकाकतात. मुलगा पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "भोकं तर तशीच आहेत." ती बहुधा तशीच राहतात, पाहायची ती त्यांतली चकाकी, असे मी सांगितले आणि दोन्ही चित्रे शेजारी लावली. नव्यात चकाकी नव्हती.