खपलीखालची वर्दळ

पेन्सिलीला टोक काढताना ब्लेड निसटलं आणि डाव्या अंगठ्याच्या पेराला चांगलंच लागलं. दोन दिवसांत खपली धरली. खपली दिसली की माझं नख तिच्या कडेखाली शिरणारच, ही लहानपणापासूनची खोड. या वेळी मात्र हात आखडता घेतला, कारण खाली केवढी वर्दळ चालते ते नुकतंच वाचलं होतं.

पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल सगळ्यांत आधी धावून येतात. ‘धावून’ म्हणजे मिनिटाला साधारण दहा मायक्रोमीटर. एक मिलिमीटर जायला दीड तासाहून जास्त! पण वाट चुकत नाहीत. झेब्राफिश माशाच्या पिल्लांच्या कापलेल्या शेपटीतून काही मिनिटांतच हायड्रोजन पेरॉक्साइड पसरतं आणि त्या सुगाव्यावर पांढऱ्या पेशी येतात, हे २००९ साली दिसलं. जंतूही स्वतःचा माग सोडतात, तोही या पेशींना लागतो.

घरात काही करपलं तर मी चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे हुंगत फिरतो. न्यूट्रोफिलला एवढी यातायात लागत नाही. तिच्या अंगभर ग्राही रेणू, म्हणजे बाहेरचे संदेश टिपणारे रेणू, असतात. ज्या बाजूला संदेशाचे रेणू किंचित जास्त चिकटले, तीच पुढची बाजू. पुढच्या-मागच्या टोकात एक-दोन टक्क्यांचा फरकही पुरतो. मग त्या बाजूला ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे विणले जातात, पातळ पाऊल पुढे येतं आणि मागचं अंग ओढलं जातं. जेमतेम बारा मायक्रोमीटरच्या जिवाला ही अक्कल, आणि मला नकाशा हातात असूनही पत्ता सापडत नाही.

कातडीच्या पेशी मात्र एकट्या निघत नाहीत. एकमेकींना धरून, चादर ओढावी तशा दोन्ही काठांवरून सरकतात. गाठ पडली की थांबतात. त्यांना ओल लागते. जॉर्ज विंटर या संशोधकांनी १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर कातडी जवळपास दुप्पट वेगाने धरते. कोरड्या खपलीखालून पेशींना खोल बोगदा खणत जावं लागतं. आणि मी आजवर सगळ्यांना सांगत आलो, ‘उघडी ठेव, वारा लागू दे!’

खपली शेवटी हात धुताना आपसूक निघाली. खाली गुलाबी, तुकतुकीत कातडी. ठशाच्या रेघा मात्र एका जागी तुटलेल्या. फोनला अंगठा लावला, तर ओळख दाखवेना. निमूटपणे दुसरं बोट लावलं.